एका पोरासाठी बाटली

गोवराची लस छोट्या बाटलीत कोरड्या पावडरीसारखी येते. सोबतचं पाणी तिच्यात मिसळलं की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. एका बाटलीत पाच पोरांचं भागतं. आरोग्यसेविका म्हणून माझी अर्धी नोकरी या चार तासांशी भांडण्यात गेली, आणि त्याचा मला अजून राग येतो.

अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावात माझं उपकेंद्र. लसीकरण महिन्यातून एकदाच, गुरुवारी, आणि खालच्या मोठ्या गावचा बाजारही गुरुवारीच. हा वार कोणत्या शहाण्याने ठरवला, देव जाणे. बाया जीपमध्ये जागा धरणार की अंगणवाडीत पोर मांडीवर घेऊन बसणार? वार बदला म्हणून मी तीनदा अर्ज दिला. ‘बघू’ यापलीकडे उत्तर नाही.

कागदावरचा नियम स्वच्छ आहे. एकच पोर आलं तरी बाटली फोडा. पण तालुक्याच्या मीटिंगला गेलं की पहिला प्रश्न, "वाया किती गेली?" एकदा मी दोनच पोरांसाठी बाटली फोडली, तर साहेबांनी सगळ्यांदेखत मला उभं करून विचारलं, "बाई, सरकारी माल फुकटचा वाटला काय?" मला असा संताप आला होता की नियमाचा कागद त्यांच्यापुढे आपटावा. पण मी गप्प बसले. तिथेच माझं चुकलं.

पुढच्याच महिन्यात, भाताच्या आवणीच्या दिवसांत, वरच्या वाडीतली एक विशीतली आई भर पावसात खाली चालत आली. स्वतः कमरेपर्यंत चिखलाने माखलेली, पण प्लास्टिकच्या कागदाखालची नऊ महिन्यांची मुलगी कोरडी ठणठणीत. भाताची लावणी टाकून, सासूची बोलणी खाऊन आली होती. त्या दिवशी तिच्याशिवाय दुसरं कोणी फिरकलंच नाही. मी वाट पाहिली, मीटिंग आठवली आणि म्हणाले, "अगं, एकीसाठी बाटली फोडता येत नाही. पुढच्या महिन्यात ये. आणखी चार पोरं जमली की देते."

"बरं बाई, येते," ती म्हणाली. कुरकुर नाही की काही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. आवणी उरकून घरचे सगळे संगमनेरकडे टोमॅटोच्या तोडणीला गेले होते. गावातल्या आशाताईने कितीदा फोन लावला, लागलाच नाही. दिवाळीच्या सुमारास ते परतले आणि पोरीला गोवर निघाला.

मी धापा टाकत वाडीवर गेले. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला. सासूने उंबऱ्याबाहेरच अडवलं. "बाहेरचं मानूस आत चालत न्हाई, बाई. देवीचं काम हाय." मी भांडले, चक्क आरडाओरडा केला. तेवढ्यात आतून ती आई म्हणाली, "येऊ द्या त्यान्ला. त्यांनी सांगितलं हुतं, पुढल्या म्हैन्यात ये. आमीच न्हाई गेलो." सासूने वाट सोडली. मला मात्र आत पाऊल टाकवेना.

पोरीची छाती भरली होती. जीपने तालुक्याला नेली. काही दिवस तिला ऑक्सिजन लावला होता. वाचली एकदाची.

मग फॉर्म आला. लस का चुकली, कारणावर खूण करा. पालकांचा नकार, गैरसमज, स्थलांतर. ‘आम्हीच परत पाठवलं’ असा रकानाच नव्हता. मी ‘स्थलांतर’वर खूण केली. ते वाचून साहेब म्हणाले, "या लोकांना कितीही सांगा, सुधारायचे नाहीत." मी तेव्हाही गप्पच. इतकी चीड मला आयुष्यात दुसऱ्या कुणाची आली नाही, जितकी त्या दिवशी स्वतःची आली.

गोवर येऊन गेला तरी लस द्यायचीच असते. पोरगी हिंडू-फिरू लागल्यावर मी आशाताईकडे निरोप दिला. गुरुवारी अंगणवाडीचं कुलूप काढायला गेले तर ती आधीच पायरीवर बसलेली. सोबत आणखी चार बाया, प्रत्येकीच्या कडेवर पोर. सगळ्या बाजार बुडवून आल्या होत्या. तीन दिवस ही वाडीवाडीला हिंडून लस राहिलेली पोरं हुडकत होती, असं आशाताईने मला बाजूला घेऊन सांगितलं.

"पाच भरली, बाई," ती म्हणाली. "आता तरी फोडताल ना बाटली?"

खरा नियम तिला सांगायला मला तोंड नव्हतं. मी बाटली फोडली आणि पहिली सुई तिच्या पोरीला दिली.