मनोऱ्यावरचे बैल

भिलाईच्या कारखान्यातून आम्हा दोघांना प्रशिक्षणासाठी फ्रान्सला पाठवलं होतं. दुसरे म्हणजे आमच्या अभ्यास मंडळाचे दादा. कॅम्प-१ या आमच्या कामगार वस्तीतल्या त्यांच्या खोलीत पत्रकं वाचत मी मोठा झालो. ते बोलतील ते मला छापल्यासारखं खरं वाटे.

एका सुट्टीत आम्ही पिकार्डी हा उत्तरेकडचा जुना प्रांत पाहायला निघालो. लाँ गावात टेकडीवरच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यांतून दगडी बैल खाली डोकावत होते. बांधकामाचे दगड त्यांनीच चढावरून ओढून आणले, म्हणून त्यांना तिथे बसवलं म्हणे. पोळ्याला बैल पुजणाऱ्या घरातला मी. टोपी काढून उभा राहिलो.

पुढे आमियाँच्या कॅथेड्रलमध्ये जमिनीवर काळ्यापांढऱ्या फरशीचा चक्रव्यूह होता. मधल्या दगडावर अक्षरं. दादा वाकून वाचू लागले, "हे पाथरवट, हे गवंडी, हे ओझं वाहणारे. एकेकाचं नाव हाय, पाह्य." मला फ्रेंच येत नव्हतं. डोळे मात्र भरून आले.

"वस्तीत आपन वाचनालय बांधनार हाओत ना, त्यावरबी अशीच नावं कोरू," दादा म्हणाले.

परतल्यावर मी पत्रक लिहिलं. त्यात बैलही होते, आमियाँची नावंही आणि बांधणाऱ्या प्रत्येकाचं नाव आपणही कोरू हा शब्दही. वस्तीत घरोघरी वाचून दाखवलं. माणसं पाळी संपवून वाचनालय बांधायला येऊ लागली. माझी आई घमेली वाहायची. दगडावरचं आपलं नाव ओळखता यावं म्हणून ती ते चुलीपुढच्या राखेत बोटाने गिरवायला शिकली.

उद्घाटनाला पडदा सरला. दगडावर दोनच नावं होती, पाहुण्यांचं आणि दादांचं.

"दादा, आमियाँत तुम्ही काय वाचलं होतं?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

ते हसले. "अरे बाबू, तिथंबी बिशप अन् बांधकामाचे उस्ताद, एवढेच हायेत. तुले खरं सांगतलं असतं, तं तू असं पत्रक लिहिलं असतं काय?"

पत्रकाखाली माझं नाव होतं. लोकांनी माझ्या शब्दावर विटा वाहिल्या होत्या.

आई दगडावरून बोट फिरवत होती. "माह्यं कुठं हाय रे?"

"नाही, माय."

तिने दगडावरून बोट उचललं. "अन् ते बैल? तेबी खोटेच काय?"

"बैल खरे होते. ते मी डोळ्यांनी पाहिले."

"मंग बैलच व्हाले पायजे होतं," ती म्हणाली आणि पदराला बोट पुसून घराकडे निघाली.