चिंचेला लावलेली चकती

माझा नवरा मालवाहू जहाजावर आहे म्हटलं की समोरचा माणूस मला आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि मग विचारतो, "मग इथं कशाला राहता?" छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही हे मला ठाऊक आहे. इथं नळाला पाणी कधी येईल याचाही भरवसा नाही. पण हे घर माझ्या वडिलांनी बांधून माझ्या नावावर केलंय, आणि खलाशाच्या बायकोनं कुठं राहावं हे मी कॉलनीला विचारलेलं नाही.

लेण्यांच्या डोंगराकडून संध्याकाळी वानरांचा कळप उतरतो आणि माझ्या अंगणातल्या चिंचेवर मुक्कामाला येतो. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, एक नंबरची उपद्रवी जात. माझी मेथी त्यांनी कितीदा तरी उपटली आहे, मी काही त्यांची आरती ओवाळत नाही. पण नवरा वर्षातले बरेच महिने पाण्यावर असतो. संध्याकाळी चहा घेऊन मी पायरीवर बसते तेव्हा घरी परतणारं असं माझ्या वाट्याला तेवढंच येतं.

नवरा रजेवर आला की जहाजावरचे त्याचे सोबतीही वेरूळ-अजिंठा बघायला येतात आणि आमच्याकडे उतरतात. कुणी केरळचा, कुणी रत्नागिरीचा. भांडी घासतात, मोठमोठ्यानं गातात, कपडे वाळत घालायच्या दोरीला अशा गाठी मारतात की ते गेल्यावर त्या मला सुटत नाहीत. दारातल्या परक्या चपला बघून गल्लीत कुजबुज होते. होऊ दे! शेजारचे निवृत्त काका एकदा तोंडावरच म्हणाले, "वहिनी, वानरं काय, खलाशी काय, समदे तुमच्याच घरी कसे येतात हो?"

"कारण इथं त्यांना कुणी हाकलत नाही, काका," मी म्हटलं.

मागच्या रजेत वानरांनी काकांच्या गच्चीवरचे पापड फस्त केले. काका तणतणत आले. नवऱ्यानं बंदोबस्त करायचा शब्द दिला आणि सोबत्यांना घेऊन कामाला लागला. जहाज धक्क्याला बांधलं की दोरांवरून उंदीर चढू नयेत म्हणून त्या दोरांना पत्र्याच्या गोल चकत्या लावतात. तशीच एक मोठी चकती त्यांनी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून कापून आणली आणि चिंचेच्या बुंध्याभोवती आडवी, घट्ट बसवली. वानर झाडावर बुंध्यावरूनच चढणार, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. रोज बघणारी मी तिथंच उभी होते, पण मला विचारावं असं एकालाही सुचलं नाही.

संध्याकाळी कळप आला. बुंध्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. काकांच्या टाकीवरून एकेकानं सरळ फांदीवर उडी घेतली. एक पिल्लू खाली उतरून चकतीवर बसलं आणि पत्रा बडवू लागलं. अख्खी गल्ली हसली. हसले नाहीत ते काका.

"आता झाडच काढा," ते नवऱ्याला म्हणाले. "लई झालं. उद्या मी माणूस आणतो."

"हो काका, काढू," नवरा म्हणाला.

माझं अंगण, माझं झाड, आणि मी चहाचा ट्रे हातात धरून दारात! मी ट्रे खाली ठेवला.

"झाड निघणार नाही."

"कशाला भांडण ओढवून घेतेस?" नवरा हळूच म्हणाला. "मी तर नसतो इथं."

"तुम्ही नसता, म्हणूनच."

सोबत्यांनी माना खाली घातल्या. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाही राग येत होता. तरी बोलले. "तुमचा फोन लागत नाही त्या संध्याकाळीही ही वानरं येतात. काका, तुमच्या गच्चीला जाळी मी बांधून देते, पापडही मी लाटून देते. पण झाडाला हात लावायचा नाही. माझ्या घरी कोण येतं, कोण नाही, ते मी बघीन."

काका चपला घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी केरळच्या सोबत्यानं त्यांच्या गच्चीवर दोरीची जाळी विणून बांधली. झाड काढणारा माणूस काही आला नाही.

जहाजावर परत जायच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं चकती काढायला चिंचेला शिडी लावली.

"राहू द्या," मी म्हटलं. "तिच्यावर ते पिल्लू येऊन बसतं."

तो शिडीवरच थांबला. "रोज येतं?"

"रोज," मी म्हटलं.