अकरा दहाला पडलेला पान्हा

दीपा भिंगारदिवेनं बारावीनंतर इंजिनिअरिंगला नाव घातलं, पण तिच्या आईला, गीताबाईंना, त्याची रीतच उमजेना. आठवड्यातले चार दिवस नागापूरच्या एमआयडीसीत, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचं, दोन दिवस कॉलेजच्या वर्गात बसायचं आणि अशी चार वर्षं काढली की डिग्री.

"डिगरी कॉलेजात जाऊन घेत्यात," गीताबाई म्हणाल्या. "कंपनीत जाऊन करत्यात ती नोकरी. ह्ये नक्की हाय तरी काय?"

दीपालाही पहिलं वर्षभर ते धड सांगता आलं नाही. घोडेगावातून पहाटेची एसटी, शेंडी गावच्या फाट्यावर कंपनीची बस आणि सातच्या ठोक्याला लाईनवर हजर. पायात पोलादी टोपणाचे बूट, तेही एक नंबर मोठे, कारण पोरींच्या मापाचे तिथं नव्हतेच. ती दोन-दोन मोजे चढवायची. वर्गाच्या दिवशी तासाला बसल्या बसल्या डोळे मिटायचे आणि कारखान्यात कुणी सूत्र विचारलं तर ते आठवायचं नाही. आपण दोन्हीकडे अर्ध्याच, असं तिला वाटे.

लाईनचे सुपरवायझर वैजनाथ खेडकर पाथर्डीकडचे. बावीस वर्षं याच शेडमध्ये काढलेला माणूस, बोलणं मोजकं. चुकलं तर ओरडायचे नाहीत, नुसते शेजारी येऊन उभे राहायचे. दीपाला ते ओरडण्यापेक्षा जड जायचं.

तिसऱ्या वर्षी त्यांनी तिला शेवटच्या जागेवर उभं केलं. चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, जिथं बसतो त्या भागाचे चार बोल्ट मशिन आवळायचं. ते पुरेसे आवळलेत का, हे दीपानं हातातल्या पान्ह्यानं तपासायचं. बरोबर दाब आला की पान्हा 'कट्' असा आवाज करायचा. मग पिवळ्या रंगाची खूण करायची आणि भाग पुढं. मिनिटाला एक.

एका गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी तो पान्हा तिच्या हातातून निसटला आणि काँक्रीटवर आदळला. पडलेला पान्हा वापरायचा नाही, बाजूला ठेवून सांगायचं, हा नियम तिला पाठ होता. पण लाईन सकाळपासून मागं पडलेली, नवा पान्हा येईस्तोवर पंधरा-वीस मिनिटं सगळे तिच्याकडे बघत उभे राहणार. तिनं पान्हा उचलला, एका बोल्टला लावला. कट्. वाजला की! ती कामाला लागली.

साडेतीनला पाळी सुटली, पाचच्या सुमाराला ती घरी पोचली. तिचे वडील उत्तमराव घोडेगावच्या बाजारातली जनावरं टेम्पोनं पोचवायचे. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, बाजाराचा दिवस, म्हणून ते अंगणात टेम्पोचं चाक बदलत बसले होते.

"तुमच्या तितं कसं कळतं गं, नट पुरता आवळला का न्हाई ते?" त्यांनी सहज विचारलं.

"पान्हाच सांगतो, अप्पा. कट् वाजतो."

"आन् पान्हाच खोटं बोलला तर?"

 ती तिथंच दगडावर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. उत्तमरावांनी हातातलं काम थांबवलं.

"माल गेला?"

"सातला गाडी सुटते."

"फोन लाव."

तिनं खेडकरांना तीनदा फोन लावला. माल सुटेपर्यंत ते थांबायचे, पण शेडमध्ये मोबाईल न्यायला बंदी, त्यामुळे तो कपाटातच वाजत राहिला असणार. गेटचा नंबर सारखा एंगेजच येई. उत्तमरावांनी उरलेले नट भराभरा आवळले.

"बस," ते म्हणाले.

टेम्पो इमामपूरच्या घाटाला लागला. पुढं एका मोटारीच्या मागच्या काचेतून दोन लहान पोरं वाकुल्या दाखवत होती. दीपानं मान फिरवली.

"अप्पा, मला काढून टाकतील."

"टाकतील बी," उत्तमराव म्हणाले. "पर चाक निखळल्यावर काय हुतं, ते म्या पाह्यलंय. तू सांग जाऊन."

साडेसहाला दोघं गेटवर पोचली. शेणानं भरलेला टेम्पो बघून वॉचमननं काठी आडवी घातली. दीपा उडी मारून पळतच सुटली. मालाच्या ट्रकवर ताडपत्री बांधायचं काम चाललेलं, आणि नशिबानं खेडकर शेजारीच कागद तपासत उभे होते.

तिनं धापा टाकत सांगितलं. खेडकरांनी हातातले कागद मिटले.

"किती वाजता पडला?"

"अकरा दहाला."

"नंतर किती नग झाले?"

"दोनशे अकरा, सर."

खेडकरांनी ड्रायव्हरकडे वळून हात वर केला. "ताडपत्री सोड."

पान्हा तपासणीच्या यंत्रावर लावला तर तो दाब पुरा व्हायच्या आधीच वाजत होता. मग दोनशे अकराच्या दोनशे अकरा नग खाली उतरवून दुसऱ्या पान्ह्यानं तपासले. दीपा स्वतः वाकून एकेक बोल्ट बघत होती. एकोणीस नगांत ढिला बोल्ट निघाला. शेवटचा नग झाल्यावर तिला रडू फुटलं. खेडकर नेहमीसारखे शेजारी येऊन उभे राहिले.

"एकोणीसच्या एकोणीस हितंच हायेत," ते म्हणाले. "आता घरी जा. अप्पा थांबलेत."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी बोलावलं. दीपा गळ्यातलं ओळखपत्र काढून हातात घेऊनच गेली, मागितलं तर लगेच देता यावं म्हणून.

"पडला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली, सर. लाईन थांबली असती. आणि मी शिकाऊ."

 तिला लेखी समज मिळाली, कागदावर सही झाली. मग मॅनेजर म्हणाले, "तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं थांबवली असती का लाईन?"

"नसती बहुतेक."

"मग त्याचंच काहीतरी कर. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट लागतो ना?"

ओळखपत्र कुणी मागितलंच नाही. बाहेर आल्यावर तिनं ते परत गळ्यात अडकवलं.

तिनं वर्षभर तेच केलं. शेडमधल्या माणसांना जेवणाच्या सुट्टीत विचारत हिंडली, की हत्यार पडलं तर सांगता का? आधी सगळे 'व्हय' म्हणाले, मग हळूहळू खरं बोलू लागले. तिनं प्रत्येक जागेवर एक तपासलेला जादा पान्हा टांगायची सोय आखली आणि पडलेला पान्हा टाकायला लाल पेटी. लाईन थांबायचं कारणच उरलं नाही. पहिल्या महिन्यात लाल पेटीत सात पान्हे आले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "हे सुचलं कसं?" तिनं त्या गुरुवारची हकीकत आडपडदा न ठेवता सांगितली. त्यांनी चष्मा चढवला आणि प्रोजेक्टातली आकडेमोड पुन्हा एकदा नीट वाचली.

निकाल लागला तेव्हा ती कॉलेजातच होती. पहिला वर्ग. नोकरीचं पत्र आधीच आलेलं, त्याच शेडमध्ये, गुणवत्ता विभागात. तिनं नगरहून एसटी पकडली, खिडकीशी बसली आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिला कशाचीच काळजी नव्हती. जाग आली ती कंडक्टरच्या हाकेनं.

तिनं उतरून फोन लावला. "आई, मी पास झाले. इंजिनिअर झाले."

 "कुठं हाईस तू?" पलीकडून गीताबाईंनी विचारलं.

"वडाळ्याला."

"आगं, वडाळा तर घोडेगावच्या फुडं! तितं कशाला गेली?"

"झोप लागली गं. घोडेगाव कधी गेलं, कळलंच नाही."

गीताबाई हसायला लागल्या. "बरं झालं. झोपली म्हन्जे बरं झालं. ये आता सावकाश."

परतीच्या एसटीला अर्धा तास होता. दीपानं स्टँडसमोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि बाकड्यावर पाय लांब करून बसली.