पूजेतले पाने

जुनी मोटार घेतली तेव्हा तिच्यासोबत पान्यांचा एक डबाही आला होता. तो मी कधी उघडला नाही. बॉनेटखालच्या वायरींना हात लावायची मला भीती वाटे. घरात हे कुणाला बोललो नव्हतो, आज सांगून टाकतो.

त्या खंडेनवमीला माझ्या मेहुणीला पाहायला सासरी उंद्रीला पाहुणे येणार होते. थोरली बहीण म्हणून माझी बायको तिथे हवीच होती, आणि नेमकी गाडी सुरू होईना. बुलढाण्यातला मेस्त्री म्हणाला, “आज पाने पूजेत हायेत भाऊ. उद्या सोनं लुटल्यावर या.”

मला हायसंच वाटलं, स्वतः हात न लावायला आयतं कारण मिळालं. घरी येऊन मी लगबगीने आपलाही डबा देवापुढे मांडला आणि वर कुंकू वाहिलं.

“आता याले हात लावता येत नाही,” मी म्हणालो.

“आजलोक कधी लावला काय तुमी?” बायको म्हणाली. तिने देवाला हात जोडले आणि प्लगचा पाना उचलून माझ्या हातात दिला. “मेस्त्री करते तसंच करा. एक प्लग काढा, घासा, लावा, मंग दुसरा.”

मी तसं केलं. तिने आत बसून स्टार्टर ओढला. गाडी खोकली, धडधडली, आणि मी दचकून तुळशीवृंदावनावर आदळलो.

उंद्रीत माझे काळे हात पाहून एका पाहुण्याने बायकोला विचारलं, “ड्रायव्हरनं चहा घेतला काय?”

बायको खुलासा करायला निघाली. मी तिला डोळ्यांनीच थांबवलं आणि ओसरीवर जाऊन ऐटीत बसलो.