मावशींचा राखाडी तेजोमेघ

टाचण्या ओठांत धरून बोलायच्या. सुईत दोरा ओवताना श्वास रोखायच्या. चहा गार करूनच प्यायच्या. आणि हिवाळ्यात जेवण आटोपलं की दुर्बीण गळ्यात अडकवून गच्चीवर जायच्या.

आमच्या इमारतीतल्या पडदेमावशी. तळमजल्यावर लोकांचे पडदे शिवायच्या. स्वतःसाठी मात्र एकच काळं कापड भरायला घेतलं होतं. त्यावर मृग नक्षत्रातला तेजोमेघ. तिथे नवे तारे जन्मतात, हे त्या शेजारच्या घरात बाळंतपण असल्यासारखं सांगायच्या.

"रोखून पाहू नकोस गं, बुजतो तो. जरा बाजूला बघ, मग दिसेल."

रात्री पाहिलेलं सकाळी भरायचं. न पाहिलेला एक टाकाही घालायचा नाही. मी फोनवर गुलाबी फोटो दाखवला, तर म्हणाल्या, "हा कॅमेऱ्याचा. माझा राखाडी आहे."

मग सोसायटीने गच्चीवर फ्लडलाइट लावला. चोरांसाठी म्हणे! आजवर गच्चीवरून कपड्यांचा चिमटाही गेला नव्हता. आता तेजोमेघ गेला. मावशी सेक्रेटरींकडे गेल्या. मी सोबत होते.

"जेवणानंतर तासभर बंद ठेवा, भाऊ."

"मावशी, या वयात तारे बघून काय करणार?"

"तुम्ही न आलेले चोर बघून काय करताय?"

तिथे बसलेले सगळे हसले. दिवा चालूच राहिला.

मावशींनी पाण्याच्या टाकीमागे सावली शोधली. तिथे कठडा नाही. गेल्या आठवड्यात त्या झगझगाटातून अंधारात वळल्या. डोळे दिपलेले. पाय चुकला.

"म्हातारीला खूळच होतं," सेक्रेटरी फाटकाशी म्हणाले. माना डोलल्या. खूळ? त्यांनी एक तास अंधार मागितला होता. खर्च शून्य. उलट वीज वाचली असती.

आता फाटकावर श्रद्धांजलीचा फलक आहे. मावशींच्या फोटोमागे तेजोमेघ छापलाय. गुलाबी! निदान कुणाला विचारायचं तरी. गच्चीला कुलूप लागलं, आणि आत तो दिवा कुणासाठी जळतोय, देव जाणे.

मावशींच्या भाचीने कापड माझ्या हाती दिलं. "तूच पुरं कर." मधले चार तारे भरून झालेत. तेजोमेघाचा डावा पंख कापडावर उतरलाय. उजव्याची नुसती सुरुवात आहे, सुई तिथेच टोचलेली. पुढचा टाका कुठे घालायचा, ते मला दिसत नाही.