नकुशीच्या चिमणीतलं तेल

इसहाक उजागरे शिरूरचा. मिशनच्या शाळेत सहावीपर्यंत शिकला, आणि पिंपांवरची इंग्रजी अक्षरं वाचता येतात एवढ्यावर त्याला भीमेवरच्या पुलाच्या कामावर नोकरी लागली. ही सन अठ्ठावन्नची गोष्ट. राहू गावाच्या पुढं नदीकाठी ठेकेदाराचा तळ पडला होता. मजुरांची शंभरेक खोपटी, सिमेंटची कोठी, लोहाराची भट्टी आणि तारेच्या कुंपणात तेलाची पिंपं. पाणी उपसायच्या पंपांना पेट्रोल लागे, कंदिलांना घासलेट. कुठल्या पिंपातलं काय कुणाला द्यायचं, हे इसहाक बघायचा.

चाळिशीचा माणूस, अंगानं किडकिडीत, बोलायला तुसडा. पिंपांजवळ कुणी विडी काढली की हातातून हिसकून घ्यायचा आणि वर चार शब्द सुनवायचा. मजूर त्याला मागं 'पेट्रोलपाद्री' म्हणत. त्यालाही ते ठाऊक होतं. भट्टी कुंपणाच्या फार जवळ आहे, असं त्यानं ओव्हरसियरला दोनदा सांगून पाहिलं होतं. "लॉरीला तिथंच वळता येतं," एवढंच उत्तर मिळालं.

माघातल्या एका दुपारी लॉरीतून पिंपं उतरवताना फळी मोडली. वरचं पिंप सुटलं ते खालच्या रांगेवर जाऊन आदळलं. दोन पेट्रोलची पिंपं फाटली आणि एक घासलेटचं. सगळं एकमेकांत मिसळून पावसाच्या पाण्यासाठी खणलेल्या चरातून उताराला लागलं. तो चर आधी भट्टीशेजारून जायचा आणि मग नदीला, जिथं सगळा तळ प्यायचं पाणी भरायचा.

इसहाक चराकडं नाही, आधी भट्टीकडं धावला.

"जालिंदर, भाता सोड! माती टाक भट्टीवर!"

"पाणी मारू का?" लोहार गोंधळला.

"पाणी नको, ठिणग्या उडतील. माती टाक, माती!"

दोघांनी हातांनीच माती लोटली. निखारे दडपले तेव्हा तेलाची धार भट्टीपासून पाच-सहा पावलांवर आली होती. मग इसहाकनं फावडं घेतलं आणि चर आडवा बुजवला. चार माणसं हाताशी धरली. कुणी मुरूम ओतला, कुणी नदीची वाळू आणली. बांधामागं तेलाचं डबकं साचलं. वासानं डोकी गरगरायला लागली.

तेवढ्यात बाया डबे, बाटल्या, तांबे घेऊन आल्या. घासलेट राहूच्या दुकानात मिळायचं, तेही नेहमी नाही. इथं तर डबकंच भरलेलं.

"मागं व्हा!" इसहाक ओरडला. "घासलेट न्हाई ते. पेट्रोल मिसळलंय. चिमणीत घातलं तर तोंडावर भडकंल."

"वास तर घासलेटाचा येतोय की, मामा," नकुशी म्हणाली. कवठे येमाईची पोरगी, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा म्हस्कू पुलाच्या पायाच्या खड्ड्यात गाळ काढायचा, ही घमेली वाहायची. "मातीतच जायचंय ते. आमी न्हेलं तर काय बिघडतंय?"

असं म्हणत ती वाकली आणि तिनं डबा बुडवला. इसहाकनं धावत जाऊन डब्याला लाथ मारली. डबा उडाला, तिचा तोल गेला आणि तळहात मुरमावर सोलवटून निघाला. बाकीच्या बाया मागं सरल्या. नकुशीनं त्याच्याकडं पाहिलं, रिकामा डबा उचलला आणि निघून गेली.

उन्हं कलेपर्यंत तेल प्यालेली वाळू आणि मुरूम घमेल्यांनी उचलून लांब माळावर पसरला गेला. नदीत एक थेंब गेला नव्हता. ओव्हरसियरनं पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण इसहाकचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गडबडीत काही डबे भरून गेल्याचं त्याला दिसलं होतं.

दिवेलागणीच्या आत तो खोपटी-खोपटी फिरला. "बायांनो, जे न्हेलं आसंल ते द्या. मी कुणाचं नाव सांगणार न्हाई." कुणी मुकाट्यानं दिलं, कुणी शिव्या घालून दिलं. जिथं संशय आला तिथं तो सरळ आत शिरला, पोती हलवली, चुलीमागं वाकून पाहिलं. सात ठिकाणचं तेल त्यानं माळावर नेऊन ओतलं.

नकुशी दारातच बसली होती. हाताला चिंधी बांधलेली.

"नकुशे, तुझ्याकडं काय हाय का?"

"तुमीच सांडलं की."

इसहाकची नजर त्या चिंधीवर गेली. "लई लागलं का गं?"

दुसऱ्या कुणाचं खोपट असतं तर तो आत गेला असता. इथं त्याचा पाय उचलला नाही. शरमेनं तो पुढं निघून गेला.

डबा बुडवण्याआधीच तिनं एक बाटली भरून पदराखाली घेतली होती. अंधार पडायला लागला, तिनं चिमणी भरली आणि काडी ओढली.

इसहाक कुंपणापाशी पोचला नव्हता, तोच मागं किंकाळी ऐकू आली. तो पळत गेला तोवर म्हस्कूनं तिच्यावर पोतं टाकलं होतं आणि स्वतःचे हात भाजून घेतले होते. तिला लॉरीत घालून दौंडच्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ती गेली.

ओव्हरसियरनं इसहाकच्या नावानं जबाब लिहून आणला. सगळ्यांना ताकीद दिली होती, घरोघर जाऊन विचारलं होतं, सदर बाईनं तेल नाही असं सांगितलं.

"साहेब, मी तिच्या डब्याला लाथ मारली. आन् तिच्या खोपटात शिरून बघितलं न्हाई."

"ते कुणी विचारलंय? यात खोटं काय आहे ते सांग."

खोटं काहीच नव्हतं. इसहाकनं सही केली. आठ दिवसांत कुंपण भट्टीपासून दूर हललं. लॉरीला वळायला दुसरीकडं जागा सापडली.

म्हस्कूला त्यानं सगळं सांगितलं. दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या, तो भिंतीला टेकून बसला होता. "मला कशाला सांगता?" तो म्हणाला. "तिच्या आईला सांगा. तिला वाटतंय, मीच पेटवली."

हे ऐकून इसहाक दुसऱ्याच दिवशी कवठे येमाईला गेला. नकुशीची आई साळूबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. तो समोर मातीत बसला आणि पहिल्यापासून सांगत गेला. फळी मोडली ते, लाथ मारली ते, दारातून परत फिरला ते. जावयाचा दोष नाही, हे त्यानं तीनदा सांगितलं. साळूबाईचे हात थांबले नाहीत.

"मंग तिच्या घरात दिव्यापुरतं तेल न्हवतंच का?" शेवटी तिनं विचारलं.

"न्हवतं, मावशी."

"आन् तुमच्याकडं पिंपं भरलेली."

साळूबाईनं सुपातली टरफलं पाखडली, सूप बाजूला ठेवलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. इसहाक उठून तळाकडं निघाला.

पूल पुरा होईपर्यंत तो त्याच कामावर होता. पिंपांकडं कुणी विडी घेऊन आलं तर अजूनही धावून जायचा, पण जवळ गेल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. नुसता हात पुढं करायचा. मजुरांनी त्याला पेट्रोलपाद्री म्हणणं सोडलं होतं. ते त्याच्याशी फारसं बोलतच नसत.