मावशीनं लिहिलेली ओळ
नव्या इंद्रायणीचा भात शिजताना वास सुटला की मला गडाच्या वाटेवरच्या विंझर गावातली मावशीची खानावळ आठवते. गडावर जाणारी पोरं तिथं जेवायला थांबायची, म्हणून मी तिला वेबसाइट करून दिली होती. मजकूर बदलायला माझी वाट बघायला लागू नये, अशी सोय त्या वेबसाइटमध्ये होती: पानावरच्या अक्षरांवर बोट ठेवायचं, तिथंच पुसून लिहायचं आणि ‘जतन करा’ दाबायचं. "पाटीवर लिवल्यागतच हाय की!" म्हणत मावशीनं पिठाचे हात पदराला पुसले आणि चुलीपुढं बसूनच, एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘पोरांनो, उपाशी गड चडू नका, आदी हितं जेवा.’ मग मोबाईल घेऊन शेजारणीला दाखवायला गेली. पुण्याला परतल्यावर मी ती ओळ काढून ‘रुचकर घरगुती भोजनाची उत्तम सोय’ असं लिहिलं. पुढच्या खेपेला तिनं विचारलं, "म्या लिवल्यालं कुठं गेलं रं?" मी म्हटलं, "शुद्ध केलं मावशी, लोक हसले असते." "व्हय? बरं केलंस," म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. त्यानंतर तिनं त्या पानाला कधी हात लावला नाही. आता तिला नीट दिसत नाही. तिचं तसं बोलणं मला पुन्हा त्या पानावर हवं होतं, म्हणून परवा मोबाईल घेऊन तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "तू सांग, तुझ्याच शब्दांत लिहितो." ती म्हणाली, "तुला बरं दिसंल ते लिव, बाबा."